ओल्याला ओल, कोरड्याला वारा

आठवडी बाजारात एकाच मेथीच्या जुडीला सकाळी एक भाव असतो आणि दिवेलागणीला दुसरा. सकाळी टवटवीत असलेली पाने दुपारच्या उन्हात माना टाकतात. संध्याकाळी विकणारी बाई उरलेल्या जुड्या मागेल त्या किमतीला देऊन टाकते, कारण त्या घरी परत नेल्या तर दुसऱ्या दिवशी त्यांना गिऱ्हाईकच मिळणार नाही. मोठ्या बागायतदाराला शीतगृहाचे भाडे परवडते. अर्ध्या एकरात भाजी करणाऱ्याला ते परवडत नाही, आणि परवडले तरी गावाजवळ शीतगृह असतेच असे नाही. म्हणून शेतमाल टिकवायचा तर यंत्र हवे, वीज हवी, असे आपण गृहीत धरून बसलो आहोत. प्रत्यक्षात विटा, वाळू, माती, बांबू आणि पाचट एवढ्या सामानावर कितीतरी मालाचे आयुष्य दुपटीने वाढवता येते. त्यासाठी एक गोष्ट मात्र पक्की माहीत हवी, ती म्हणजे आपल्या हातातला माल कशाने बिघडतो. मेथी ज्या कारणाने जाते त्या कारणाने कांदा जात नाही, आणि एकाला वाचवणारा उपाय दुसऱ्याला सडवतो.

आपल्याकडे पिकलेल्या फळा-भाज्यांपैकी ४० टक्के वाया जातात, असे भाषणांतून सर्रास सांगितले जाते. लुधियाना येथील केंद्रीय कापणी-पश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेने देशभर पाहणी करून २०१५ मध्ये जे आकडे दिले ते बरेच कमी आहेत. फळे आणि भाज्यांमधले नुकसान पिकानुसार ४.५८ ते १५.८८ टक्के निघाले. त्यात सर्वांत वरचा क्रमांक पेरूचा होता, आणि टोमॅटोचे नुकसान १२.४४ टक्के होते. पण या आकड्यांत फक्त फेकून दिलेला, नासलेला माल मोजला जातो. नासेल या भीतीने पडत्या भावात विकलेला माल त्यात येत नाही. छोट्या शेतकऱ्याचे खरे नुकसान तिथेच आहे. त्याला सहा महिन्यांची साठवण नको असते. त्याला दोन-तीन दिवस हवे असतात, म्हणजे आजचा बाजार पडला तर परवाच्या बाजाराची वाट पाहता येते.

काढणीनंतरचा श्वास

वेलीवरून तोडलेली काकडी किंवा जमिनीतून उपटलेले गाजर मेलेले नसते. त्याचा श्वास चालूच असतो. हवेतला ऑक्सिजन घ्यायचा, साठवलेली साखर जाळायची, कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता बाहेर टाकायची, हे काम तोडणीनंतरही थांबत नाही. फरक इतकाच की आता मुळांकडून पाणी येत नाही आणि पानांकडून अन्न येत नाही. घरून बांधून दिलेल्या शिदोरीवर प्रवास करणाऱ्यासारखी त्याची गत असते: शिदोरी किती दिवस पुरणार, हे ती किती भराभर संपते यावर ठरते.

ही गती ठरवणारा मुख्य घटक म्हणजे तापमान. ढोबळमानाने तापमान १० अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणजे ४० अंशांच्या उन्हात ठेवलेली भेंडी २५ अंशांच्या सावलीतल्या भेंडीपेक्षा कितीतरी लवकर म्हातारी होते. सगळ्या पिकांचा श्वास सारखा नसतो. वाटाणा, भेंडी, पालक, कोवळे मक्याचे कणीस यांचा श्वास जोरात चालतो. कांदा आणि बटाटा मुळात पुढच्या हंगामापर्यंत जगण्यासाठीच वनस्पतीने तयार केलेले साठे आहेत, त्यामुळे त्यांचा श्वास संथ असतो.

दुसरे कारण पाणी. बहुतेक ताज्या भाज्यांच्या वजनात ८० ते ९५ टक्के पाणीच असते. कोरड्या हवेत हे पाणी सालीतून आणि पानांच्या छिद्रांतून उडत राहते. पालेभाजीने वजनाच्या तीन ते पाच टक्के पाणी गमावले तरी ती कोमेजलेली दिसते आणि तिचा भाव पडतो. भाजी वजनावर विकली जात असेल तर उडालेले पाणी म्हणजे सरळ उडालेले पैसे.

तिसरे कारण इथिलीन नावाचा वायू. पिकणारी केळी, आंबा, सफरचंद, टोमॅटो हा वायू सोडतात आणि तो आजूबाजूच्या मालालाही लागतो. आंब्याची अढी पेंढ्यात घालतात ती हा वायू आणि ऊब धरून ठेवण्यासाठीच. पण त्याच खोलीत पालेभाजी ठेवली तर ती पिवळी पडते, आणि गाजर ठेवले तर ते कडवट होते. पिकती फळे आणि हिरवा भाजीपाला वेगवेगळे ठेवणे, या उपायाला एक पैसाही लागत नाही.

चौथे कारण बुरशी आणि जिवाणू. त्यांना शिरायला वाट लागते, आणि ती वाट आपणच करून देतो: ओरखडा, दबलेली जागा, तुटलेला देठ, घट्ट भरलेल्या गोणीत चेंगरलेला थर. सडलेले एक फळ शेजारच्या दहांना लागते, म्हणून निवड करणे हा साठवणीचाच भाग आहे.

या चार कारणांकडे पाहिले की मालाचे दोन गट दिसू लागतात. पालेभाज्या, भेंडी, गवार, वांगी, काकडी, टोमॅटो, गाजर, मुळा आणि बहुतेक फळे यांना गारवा आणि दमट हवा लागते. कांदा आणि लसूण यांना कोरडेपणा आणि खेळता वारा लागतो. घरगुती साठवणीतल्या बहुतेक चुका हे दोन गट एकत्र केल्याने होतात.

विटा-वाळूचा शीतकक्ष

पहिल्या गटासाठी आपल्याकडे फार जुनी युक्ती आहे, ती म्हणजे माठ. भाजलेल्या मातीच्या भांड्यातून पाणी झिरपते, बाहेरच्या बाजूवर उडून जाते आणि उडताना भांड्यातली उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. १०० किलो भाजी १५ अंशांनी थंड करायची तर साधारण ६००० किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. म्हणजे हिशेबाने अडीच लिटर पाणी उडाले की तेवढे काम झाले. प्रत्यक्षात पाणी बरेच जास्त लागते, कारण बाहेरची उष्णता भिंतीतून सतत आत येत राहते आणि तिलाही रोज परतवून लावावे लागते. तरीही या आकड्यावरून लक्षात येते की पाणी उडणे ही केवढी मोठी शक्ती आहे.

हाच नियम भाजीच्या साठवणीला लावला दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या एस. के. रॉय आणि डी. एस. खुर्डिया यांनी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी विटा आणि वाळूचा एक कक्ष तयार केला. तो ‘शून्य ऊर्जा शीतकक्ष’ या नावाने ओळखला जातो. त्याला कारागीर लागत नाही आणि सिमेंटही लागत नाही.

बांधायची रीत अशी. पाण्याजवळची, उंचवट्यावरची, वारा लागेल अशी जागा निवडायची. सुमारे १६५ सेंटिमीटर लांब आणि ११५ सेंटिमीटर रुंद जागेवर विटांचा एक थर अंथरून तळ करायचा. त्यावर विटांच्या दोन भिंती, एकीच्या आत दुसरी, सुमारे ६७ सेंटिमीटर उंचीपर्यंत उभ्या करायच्या. दोन भिंतींच्या मध्ये साडेसात सेंटिमीटरची फट ठेवायची आणि ती नदीच्या धुतलेल्या वाळूने भरायची. चारशे-साडेचारशे विटांत हे काम होते. वरून बांबूच्या चौकटीवर वाळा किंवा पेंढा बांधून केलेले झाकण घालायचे, आणि सगळ्यावर पाचटाचे किंवा गवताचे छप्पर घालून ऊन अडवायचे. विटा, वाळू आणि झाकण सकाळ-संध्याकाळ पाण्याने भिजवायचे. उंचावर ठेवलेल्या पिंपाला बारीक नळी जोडून वाळूत थेंब थेंब पाणी सोडले तर श्रमही वाचतात आणि पाणीही. भाजी थेट जमिनीवर न ठेवता जाळीदार क्रेटमध्ये ठेवायची. एका कक्षात सुमारे १०० किलो माल मावतो.

कडक उन्हाळ्यात असा कक्ष बाहेरच्या हवेपेक्षा १० ते १५ अंशांनी थंड राहतो. आतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते, आणि भाजीसाठी ती गारव्याइतकीच मोलाची आहे. बाहेर एका दिवसात कोमेजणारी पालेभाजी इथे तीन दिवस विकण्याजोगी राहते, आणि बाहेर पाच दिवस टिकणारे गाजर बारा दिवसांपर्यंत जाते. ज्याला माल शहरात पाठवायचा आहे, त्याला रोज थोडा तोडून गाडी भरेल एवढा साठा करता येतो.

इथे एक फायदा सहसा लक्षात घेतला जात नाही. फ्रीजमधले चार-पाच अंश तापमान आपल्या उष्ण प्रदेशातल्या अनेक पिकांना मानवत नाही. केळे १३ अंशांखाली काळे पडते. कच्चा टोमॅटो, आंबा, वांगे, काकडी, भेंडी यांनाही फार थंडी बाधते. सालीवर खड्डे पडतात, डाग येतात, चव जाते, आणि बाहेर काढल्यावर माल भराभर सडतो. विटांचा कक्ष तेवढा थंड होऊच शकत नाही, त्यामुळे तिथे ही इजा होत नाही. आपल्या रोजच्या फळभाज्यांना जो मध्यम गारवा हवा असतो, तो हा कक्ष देतो.

दोन मडक्यांची गोष्ट

कक्ष शेतासाठी झाला. घरासाठी आणि बाजारातल्या छोट्या विक्रेत्यासाठी हीच रचना दोन मडक्यांत करता येते. मोठ्या मडक्यात वाळूचा थर द्यायचा, त्यात लहान मडके ठेवायचे, मधली तीन ते पाच सेंटिमीटरची फट जाड, धुतलेल्या वाळूने भरायची आणि वाळू भिजवायची. वर ओले फडके टाकायचे. मडके जमिनीला न टेकवता तिवईवर, सावलीत आणि वाऱ्याच्या झोतात ठेवायचे, कारण पाणी सगळीकडून उडायला हवे. रंग दिलेले किंवा चकचकीत लेपाचे मडके इथे निरुपयोगी असते. त्यातून पाणी झिरपतच नाही.

नायजेरियाच्या उत्तर भागात, सहाराच्या कडेला असलेल्या कोरड्या प्रदेशात, मोहम्मद बाह अब्बा नावाच्या शिक्षकाने १९९५ मध्ये या मडक्यांवर काम सुरू केले. ते कुंभारकाम करणाऱ्या घराण्यातले होते. त्यांच्या प्रयोगांत एरवी तीन दिवस टिकणारी वांगी २७ दिवस टिकली, आणि टोमॅटो व मिरच्या तीन आठवड्यांच्या पुढे गेल्या. त्यांनी स्थानिक कुंभारांकडून हजारो मडकी घडवून घेतली आणि गावोगाव दिली. या कामासाठी त्यांना २००० सालचा रोलेक्स पुरस्कार मिळाला. मडक्यांचा सर्वांत मोठा परिणाम घरांत दिसला. माल नासेल म्हणून मुलींना रोज डोक्यावर टोपली देऊन विकायला पाठवावे लागत होते. मडके आल्यावर ती निकड कमी झाली आणि मुली शाळेत जाऊ लागल्या.

आपल्या शेजारी, गुजरातेतल्या वांकानेरचे मनसुखभाई प्रजापती यांनी २००१ च्या भूकंपानंतर याच तत्त्वावर कपाटाच्या आकाराचा मातीचा फ्रीज घडवला. वरच्या टाकीत पाणी असते, ते भिंतींतून झिरपते आणि खालच्या कप्प्यांत भाजी राहते. कुंभाराच्या जुन्या कौशल्याला नवा ग्राहक मिळू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

मडक्याची निगा राखावी लागते. क्षारयुक्त पाण्याने बाहेरून पांढरा थर चढतो, छिद्रे बुजतात आणि गारवा कमी होतो. म्हणून बाहेरची बाजू नारळाच्या शेंडीने घासून काढावी आणि वाळू अधूनमधून बदलावी. आतले मडके आठवड्यातून एकदा धुऊन उन्हात कडक वाळवावे, नाहीतर दमटपणात बुरशी धरते. भाजी धुतलेले, साबण नसलेले पाणी वाळूला चालते. एक मर्यादा मात्र कधी विसरू नये: दूध, शिजवलेले अन्न, मांस किंवा मासे या गारव्यात सुरक्षित राहत नाहीत. जिवाणूंची वाढ रोखायला लागणारी थंडी इथे मिळत नाही. हे साधन ताज्या फळा-भाज्यांसाठीच आहे.

हवामान कुठे साथ देते

पाणी उडवून मिळणारा गारवा हवेच्या कोरडेपणावर अवलंबून असतो. बाहेर ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या पृष्ठभागाचे तापमान जास्तीत जास्त २२-२३ अंशांपर्यंत उतरू शकते. एप्रिलच्या दुपारी जळगाव, अकोला, नागपूर किंवा सोलापूरला अशी हवा सहज असते. पण बाहेर ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर तेच तापमान २९ अंशांच्या खाली जात नाही. रत्नागिरी किंवा गोव्यात जूनच्या सुरुवातीला अशी हवा असते, आणि तिथे मडके भिजवून फारसे काही साधत नाही. ढोबळ नियम असा की आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली असली की हे उपाय उत्तम चालतात, आणि पावसाळ्यात त्यांच्याकडून अपेक्षा ठेवू नये. पाऊस लागला की कक्ष भिजवणे थांबवावे, नाहीतर आत फक्त बुरशी वाढते.

किनारपट्टीच्या घरांनी म्हणूनच दुसरी वाट धरली. जाड सालीचे भोपळे आणि कोहळे माळ्यावर किंवा आढ्याला टांगून ठेवायचे, म्हणजे सर्व बाजूंनी हवा खेळते आणि एकाही जागी ओल साचत नाही. दमट हवेत गारवा मिळवता येत नाही, पण वारा मिळवता येतो.

कोरड्या प्रदेशाची अडचण वेगळी आहे. ज्या महिन्यांत कक्ष सर्वांत चांगला चालतो, त्याच महिन्यांत गावात पाण्याची ओढाताण असते. म्हणून छप्पर, झाकण आणि ठिबक या तीन गोष्टी सोयीच्या म्हणून सोडून देण्यासारख्या नाहीत. सावलीतला कक्ष उन्हातल्या कक्षापेक्षा कमी पाण्यात जास्त थंड राहतो. जिथे हंड्यानेच पाणी आणावे लागते तिथे मोठ्या कक्षाचा अट्टहास न करता मडक्यांपुरतेच थांबावे.

कांद्याचा उलटा स्वभाव

आता दुसऱ्या गटाकडे येऊ. कांद्याला ओले फडके घातले तर आठवड्यात त्याला सडका वास सुटेल. कांद्याचे गणित वेगळेच आहे. तो दोन तापमानांना चांगला टिकतो: शून्य ते दोन अंशांना, किंवा २५ ते ३० अंशांना. मधल्या १० ते २० अंशांच्या गारव्यात त्याची झोपमोड होते आणि कोंब फुटतात. म्हणजे भाजीला मानवणारा गारवा कांद्याला मानवत नाही, आणि आपली साधी उन्हाळी सावली त्याला छान मानवते. आर्द्रता मात्र ६५ ते ७० टक्क्यांच्या आसपास हवी. ती फार वाढली तर काजळी धरते, मुळाकडून सड सुरू होते. ती फार कमी झाली तर वजन घटते आणि वरचा पापुद्रा गळून पडतो.

देशातला बहुतांश कांदा रब्बीचा असतो. तो मार्च ते मे या काळात निघतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खरिपाचा नवा कांदा येईपर्यंत पुरवावा लागतो. या मधल्या महिन्यांत देशाच्या ताटात जो कांदा असतो, त्यातला मोठा वाटा नाशिक, पुणे, अहिल्यानगर या पट्ट्यातल्या चाळींतून येतो. कांदा साठवण्याच्या या हवेशीर जागेला नाशिककडे कांदाचाळ म्हणतात, जुन्नर-आंबेगावकडे बराखी. विजेच्या एका तारेशिवाय एवढा माल महिनोन् महिने जिवंत ठेवणारी ही व्यवस्था आपल्या डोळ्यांसमोर असते, आणि तिच्यामागचे शास्त्र क्वचितच कोणी समजावून सांगते.

चाळीचे यश शेतातच ठरते. खरिपाचा कांदा टिकत नाही, त्यामुळे साठवायला रब्बीची टिकाऊ जात लागते. एन-२-४-१, किंवा राजगुरूनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने दिलेल्या भीमा शक्ती, भीमा किरण या जाती त्यासाठी लावतात. नत्राचा जास्त मारा केलेला कांदा मोठा दिसतो, पण त्याची मान जाड राहते आणि तो चाळीत लवकर जातो. काढणीच्या दोन-तीन आठवडे आधी पाणी तोडावे. निम्म्या झाडांच्या माना पडल्या की काढणीची वेळ झाली असे समजावे. काढलेला कांदा पातीसकट तीन ते पाच दिवस शेतातच सुकवतात, तोही असा की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल आणि ऊन थेट लागणार नाही. मग तीन-चार सेंटिमीटर मान ठेवून पात कापायची आणि कांदा आणखी दहा-बारा दिवस सावलीत वाळवायचा. या वाळवणीत मान आवळली जाते. मान हेच बुरशीचे दार आहे, ते बंद झाले की निम्मी लढाई जिंकली. जोडकांदा, डेंगळे, फुटका आणि अगदी बारीक गोल्टी माल निवडून आधीच विकावा. चाळीत मध्यम आकाराचा, एकसारखा माल गेला पाहिजे, म्हणजे थरांमधून वाऱ्याला वाट राहते.

चाळीच्या रचनेतले प्रत्येक माप वाऱ्यासाठी आहे. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच आणि फटींचा, म्हणजे हवा खालूनही शिरते. भिंती बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांच्या, मध्ये फटी ठेवलेल्या. कप्प्याची रुंदी चार फुटांच्या आसपास, कारण त्याहून रुंद ढिगाच्या मध्यापर्यंत वारा पोहोचत नाही. ढिगाची उंची चार-पाच फूट, कारण त्याहून उंच रास केली तर खालचा कांदा दबतो. छपराला कौले उत्तम. पत्रा असेल तर त्यावर पाचट घालावे, नाहीतर मे महिन्यात वरचा थर भाजून निघतो. एकपाखी चाळ उत्तर-दक्षिण बांधतात, म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा तिच्या लांब बाजूला आडवा मिळतो. दुपाखी चाळ पूर्व-पश्चिम बांधतात. पावसाची झड येते त्या बाजूला गोणपाटाचे पडदे सोडायचे, आणि उघडीप मिळाली की ते लगेच वर करायचे. पडदे तसेच ठेवले तर पावसापेक्षा कोंडलेली हवाच जास्त नुकसान करते.

इतके करूनही घट होते. पाणी उडून वजन कमी होते, काही सडतो, काहीला कोंब येतात. जमिनीवर साध्या ढिगात ठेवलेल्या कांद्याची घट फार मोठी असते. वर-खाली हवा खेळणाऱ्या सुधारित चाळीत ती बरीच कमी होते. मधूनमधून वास घेऊन, सडका कांदा काढून टाकणे हे काम तेव्हाही चुकत नाही.

लसणाचा स्वभाव कांद्यासारखाच. पातीसकट जुड्या बांधून वाऱ्यावर टांगणे ही त्याची सर्वांत सोपी आणि चांगली साठवण आहे.

बटाटा दोन्ही गटांच्या मध्ये बसतो. त्याला गारवा हवा, पण ओल नको, आणि उजेड तर मुळीच नको. उजेडात तो हिरवा पडतो आणि त्यात सोलॅनिन हे कडू विषारी द्रव्य वाढते. पुणे जिल्ह्यात बटाट्याची अरण लावण्याची रीत आहे. शेतातच सावली पाहून ढीग रचायचा आणि त्यावर पाचट, सरमाड असा जाड थर द्यायचा. ऊनही अडते, उजेडही अडतो आणि हवा थोडी खेळत राहते. घरात हेच काम अंधाऱ्या कोपऱ्यातली बांबूची टोपली करते. फक्त ती टोपली कांद्याच्या शेजारी नसावी. बटाट्याची ओल कांद्याला सडवते.

खर्चाच्या क्रमाने

ज्याला आजच सुरुवात करायची आहे त्याने बिनपैशाच्या गोष्टी आधी कराव्यात. तोडणी पहाटे करावी. रात्रीच्या गारव्यात भाजी थंड झालेली असते आणि तिच्यात पाणीही भरपूर असते. दुपारी तोडलेला टोमॅटो उन्हाची धग पोटात घेऊनच गाडीत चढतो आणि ती धग सगळ्या क्रेटमध्ये पसरते. तोडलेला माल बांधावर उन्हात ठेवू नये. झाडाची सावली नसेल तर चार काठ्यांवर गोणपाट ताणून सावली करावी. देठ ओढून न तोडता कापावा. फुटका आणि डागी माल वेगळा काढावा. पालेभाजीवर पाणी मारायचे ते ओंजळीने शिंपडून, स्वच्छ पाण्याने. टाक्यात बुडवून काढलेली जुडी आतून सडते. कोथिंबीर मुळांसकट उपटावी आणि मुळे ओल्या फडक्यात गुंडाळावीत.

त्यानंतर थोडक्या पैशांच्या गोष्टी. गोणीऐवजी क्रेट घ्यावे, कारण दबलेल्या मालाला मग कोणताही गारवा वाचवू शकत नाही. दोन मडकी आणि पाटीभर वाळू घ्यावी. त्यापुढे विटांचा कक्ष, आणि कांदा उत्पादकाला चाळ. चाळीसाठी कृषी विभागाच्या अनुदान योजना असतात, त्यांची चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करता येते. कक्ष बांधताना जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या जाणकारांना बोलावले तर जागेची निवड चुकत नाही.

शीतगृहे हवीतच. द्राक्षे, डाळिंबे, निर्यातीचा आंबा यांना खरी थंडी लागते आणि ती यंत्रानेच मिळते. पण गावच्या भाजीला, बचत गटाच्या टोपल्यांना, आठवडी बाजारातून परत जाणाऱ्या मालाला शीतगृह येईपर्यंत थांबवून ठेवणे अन्यायाचे आहे. त्यांना लागणारे दोन-तीन दिवस विटा आणि वाळू देऊ शकतात. माल ठेवता येतो हे कळले की विकणारा पहिल्याच मागणीला मान तुकवत नाही, आणि भाव ठरवण्याचा थोडा तरी अधिकार त्याच्या हाती राहतो.

हे काम एकट्याने करण्यापेक्षा गावाने मिळून केलेले चांगले. बाजाराच्या ओट्यांशेजारी, टाकीजवळ, सावलीत दोन शीतकक्ष बांधायला ग्रामपंचायतीला मोठा निधी लागत नाही. रोज पाणी घालायची जबाबदारी एखाद्या बचत गटाने घेतली आणि ठेवलेल्या क्रेटमागे चार-दोन रुपये घेतले, तर देखभालही निघते. कक्ष उन्हाळ्यासाठी असल्यामुळे त्याचा विचारही उन्हाळ्याआधी व्हायला हवा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव मांडला, फेब्रुवारीत विटा आणि वाळू टाकली, तर मार्चच्या पहिल्या बाजाराला गावाचे कक्ष वापरात आलेले असतील.